आमचे पहारेकरी मालवणी बोलतात

गेली चार वर्षं मी दर रविवारी दुपारी चोर असते. मुलुंडहून बसने दिंडोशीला जाते, वसाहतीतल्या एका जुन्या बिल्डिंगचे तीन जिने चढते, दारात चपला काढते आणि पुढचे चार तास लोकांची कुलपं उघडते, छपरांवरून सरपटते, बुरुजांना लोंबकळते. सोमवारी सकाळी मी पुन्हा कोर्टात स्टेनो. न्यायाधीशांच्या खाली, सगळ्यांच्या समोर, आणि तरीही कुणाला न दिसणारी.

खेळ काय ते आधी सांगते. टेबलाभोवती बसून मिळून गोष्ट रचायची, एवढंच. एकजण सूत्रधार असतो. तो सांगतो, समोर दलदल आहे, पलीकडे पडका किल्ला आहे, बुरुजावर मशाल हलतेय. बाकीच्यांचं प्रत्येकी एक पात्र. आपलं पात्र काय करतं ते आपण सांगायचं, आणि जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा आला तर जमलं, लहान आला तर वाट लागली. नकाशावर कोण कुठे आहे ते कळायला आम्ही शर्टाची बटणं ठेवतो. माझ्या आईला हे सगळं मी तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "म्हणजे पत्ते नाहीत ना? मग जा."

आमचा सूत्रधार माझा कॉलेजपासूनचा मित्र. तो एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन आहे, त्यामुळे त्याच्या किल्ल्यांना गटारं असतात आणि राक्षसांच्या गुहेतही जिन्याच्या पायऱ्या एका मापाच्या. दुसरा गडी मनोरीचा. घरी पिढ्यान् पिढ्या मासेमारी. भाऊ अजून होडीवर जातो, हा एसी दुरुस्त करतो. खाडीच्या या काठावरून त्या काठाला हाक मारत वाढल्यामुळे त्याचा आवाज एका खोलीत मावत नाही. तो होतो चिलखत घातलेला सरदार. तिसरी माझ्या कोर्टातली एक ज्युनियर वकील. तिला मीच ओढून आणलं आणि नंतर बरेच दिवस पस्तावले, कारण तिने नियमांचं पुस्तक विकत घेऊन तीन रंगांच्या पेनांनी रंगवलं. ती जादूगारीण. आणि मी चोर.

चोर का, याला फार मोठं कारण नाही. मला न दिसण्याची सवय आहे. शाळेत हजेरी घेताना बाई माझ्या नावावरून पुढे जायच्या. लग्नाच्या पंगतीत वाढपी मला वगळून जातो. लहानपणी याचं वाईट वाटायचं; मोठेपणी मी त्याची कला करायची ठरवली. या खेळात मला पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं की लपणं हे कौशल्य असतं, त्याला गुण मिळतात. मी सगळे गुण त्यातच टाकले. इतके, की एकदा सूत्रधार मला पूर्ण विसरला. माझं पात्र एका पिंपामागे लपलेलं असताना बाकीचे लढाई संपवून, जेवून, दुसऱ्या गावाला पोचले. मी दीड तास काही बोलले नाही. शेवटी त्याने विचारलं, "तू कुठेयस गं?" मी म्हटलं, "पिंपामागे." त्यावर सगळे हसले आणि मला अभिमानच वाटला.

त्या घरात पाचवं माणूस म्हणजे सूत्रधाराचे वडील, आमचे काका. मूळचे मालवणकडचे. आधी गिरणीत साचेखात्यात, मागावर. गिरणी बंद पडल्यावर अठरा वर्षं एका टॉवरच्या गेटवर सिक्युरिटी. काकूंना जाऊन सहा वर्षं झाली; घरात बाप-लेक दोघंच. आम्ही खेळायला बसलो की काका खिडकीजवळच्या खुर्चीत पेपर धरून बसायचे. ऐकताहेत की नाही ते कळायचं नाही. मागांच्या खडखडाटाने त्यांचे कान गेलेत, आणि कानाचं मशीन ते सेल वाचावेत म्हणून बहुतेक वेळ शर्टाच्या खिशात ठेवतात.

भांडण झालं ते सरप्राइजवरून.

नियम असा की शत्रूला चाहूल न लागता गाठलं तर तो गाफील धरला जातो, आणि गाफील माणसाची पहिली पाळी जाते. तो नुसता बघत उभा राहतो, आपण वार करून घ्यायचा. चोराचं सगळं आयुष्य त्या एका पाळीसाठी असतं. आम्हाला दरोडेखोरांचा एक तळ गाठायचा होता. मी तीन रविवार बेत करत होते: वाऱ्याची दिशा, ओढ्यातली वाट, कुत्र्यांना काय टाकायचं. अखेर तो क्षण आला. मी फासा टाकला. एकोणीस. माझ्या तोंडून चक्क "झकास!" निघालं. मग सरदाराने टाकला. दोन.

"तुझं चिलखत खणखणलं," सूत्रधार म्हणाला. "शिवाय तू एका भांड्यावर पाय दिलास."

"जंगलात भांडं कुठून आलं?" मनोरीवाल्याने विचारलं.

"तळ आहे. लोक जेवतात."

मी म्हटलं, "ठीक आहे, तो दिसला. मी तर दिसले नाही ना? मग माझ्यापुरते ते गाफीलच."

वकीलबाईंनी पुस्तक उघडलं. हिरव्या पेनाची खूण. "नाही. समोरच्याला एका जरी शत्रूची चाहूल लागली, तरी तो गाफील नाही. स्पष्ट लिहिलंय."

"ते सरदाराकडे बघतायत. मी मागून येतेय. मला कसे बघतील?"

"बघत नसतील. पण सावध आहेत. गाफील आणि न बघणारा यात फरक आहे."

"तीन रविवार!" मी ओरडले. हो, ओरडले. टेबलावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. कोर्टात मी दिवसाला हजारो शब्द लिहिते ते सगळे दुसऱ्यांचे. स्वतःचा शब्द इतक्या जोरात मी कधी काढला होता ते आठवत नाही. "दर वेळी हेच होतं. मी काहीही टाकलं तरी याचं चिलखत वाजतं."

"म्हणजे माझ्यामुळे?" मनोरीवाल्याचा चेहरा पडला. "मी बस, फेरी, परत बस करून येतो यार, आणि माझ्यामुळे? मग पुढच्या वेळेपासून मी घरीच बसतो ना. शांत जागा आहे. एकही भांडं वाजत नाही."

सूत्रधार त्याला समजवायला लागला, वकीलबाई दुसऱ्या रंगाची खूण शोधायला लागल्या, मी फासा मुठीत आवळून बसले. चहावर साय धरली. आणि खिडकीतला पेपर खाली आला. काका मशीन कानात बसवत होते.

"कित्याक भांडतास रे?"

मुलाने त्यांना थोडक्यात सांगितलं. काकांनी पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा सांगितलं.

"म्हणजे चोर दिसलो काय नाय, ह्या तुमी पुस्तकात बगतास?" काका म्हणाले. "गच्चीर चला."

डिसेंबरचे साडेचार वाजले होते. गच्चीवर पाण्याची टाकी, टाकीवर पारवे, दोरीवर कुणाच्या तरी चादरी. काकांनी प्लास्टिकची खुर्ची मधोमध टाकली, जिन्याच्या दाराकडे पाठ करून बसले आणि पेपर उघडला. दोरीवरचे कपड्यांचे चार चिमटे त्यांनी आम्हाला एकेक दिले. "माका कळल्याशिवाय खुर्चेक लावन दाखवा. एकेकान येवचा. बाकीच्यांनी दारात रवायचा."

पहिल्या वकीलबाई गेल्या. सॅंडल काढून, साडीचा पदर कमरेला खोचून, एकेक पाऊल मोजत. खुर्ची चार हातांवर असताना काकांनी मान न वळवता सांगितलं, "माघारी जा. सावली गो. तुज्या आधी तीच इली." सूर्य पाठीमागे होता. वकीलबाईंची लांबच लांब सावली काकांच्या पेपरवर वाचायला बसली होती.

दुसरा गेला त्यांचा मुलगा, आमचा सूत्रधार. तो टाकीमागून गेला, वळसा घालून. तो टाकीआडून बाहेर येण्याआधीच काका म्हणाले, "टाकीमागसून नको. सात वर्षांचो असल्यापासून थंयच लपतंस."

मग माझी पाळी. मी या दोघांच्या चुका बघून ठेवल्या होत्या. सावली पडणार नाही अशा बाजूने निघाले, कठड्याला धरून, मग चादरींच्या आडून. चप्पल नाही, बांगड्या वर सरकवलेल्या. श्वाससुद्धा मी तोंडाने घेत होते. मागे दारात तिघं दम रोखून उभे. मला तेव्हा अगदी मनापासून वाटत होतं की आयुष्यभर आपण ह्याचीच तयारी केलीय. शेवटच्या चादरीआडून मी हात पुढे काढला, चिमटा उघडला.

"ये, बस," काका म्हणाले.

पारवे उडाले होते का? नाही, पारवे जागचे हलले नव्हते. माझा इतका हिरमोड झाला की मी खरंच तिथे खाली बसले. "काका, तुम्हाला ऐकू कसं आलं?" मी त्यांच्या कानाशी मोठ्याने विचारलं.

"ऐकाक?" त्यांनी खिशातून मशीन काढून दाखवलं. "ह्या खिशात आसा. तुमी सगळी चपले काढून इलात ता कित्याक?"

"मग?"

"तू भितीक चिकटान इलंस. डोळ्याच्या कोपऱ्यात माका कायतरी सरकताना दिसला. आपल्या घरातला माणूस भितीक चिकटान चलता काय गो? मांजर चलता. नायतर चोर." मग जरा थांबून म्हणाले, "खाली घरात पण तू तशीच येतंस. सोफ्याच्या मागसून. मी दर रविवारी बगतंय."

चार वर्षं मी समजत होते की त्या घरात मी येते-जाते ते कुणाच्या लक्षात येत नाही. आणि खिडकीतला माणूस दर रविवारी बघत होता. मला लाजही वाटली आणि, खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं.

उरला मनोरीवाला. तो रुसलेलाच होता. "माझं काय, मी वाजणारच," असं म्हणून तो खालीच निघून गेला. आम्हाला वाटलं, गेला फेरी पकडायला. पाच मिनिटांनी जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. हातात चहाचे दोन कप घेऊन तो सरळ गच्चीच्या मधून आला, सावली, पारवे, सगळं उधळत. पारवे खरोखरच उडाले. "काका, चहा घ्या, खालचा गार झाला होता म्हणून नवा टाकला," आपल्या नेहमीच्या खाडीपार आवाजात म्हणाला.

"ठेव रे," काका म्हणाले. त्यांनी कप घेतला, एक घोट घेतला. तो बाजूला उभा राहून स्वतःचा चहा प्यायला, खुर्चीच्या पाठीवर हात टेकवून. मग आमच्याकडे चालत आला, रिकामा कप खाली ठेवला आणि दोन्ही हात हलवून दाखवले. चिमटा नव्हता. चिमटा खुर्चीला होता.

सगळ्यात जास्त हसले काका. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग त्यांनी आम्हाला भोवती बसवून टॉवरच्या गेटवरची गोष्ट सांगितली. ती मी इथे माझ्या भाषेत सांगते. एकदा पाण्याची मोटर कुरकुरत होती आणि काका मेकॅनिकची वाट बघत होते; भर दुपारी दोन माणसं आली. कमरेला पान्यांचे पट्टे, खांद्यावर शिडी, कपाळावर घाम. तासाभराने सोसायटीची पाण्याची मोटर उचलून बाहेर निघाली. मोटर जड होती. काकांनी स्वतः गेट उघडून धरलं, वर त्यांना सांगितलं, सांभाळून, पुढे पायरी आहे. त्यातल्या एकाने "थँक्यू काका" म्हटलं. संध्याकाळी नळ कोरडे पडले तेव्हा कळलं.

"लपणारो माणूस माका दिसता," काका म्हणाले. "ज्याची मी वाटच बगतंय, तो नाय दिसणा."

वकीलबाईंनी हे वाक्य तिथल्या तिथे वहीत उतरवून घेतलं, पण त्यांच्या पद्धतीने. खाली येईपर्यंत त्याची तीन कलमं झाली होती. सार इतकंच: फासा टाकण्याआधी सूत्रधाराने सांगायचं की पहाऱ्यावरचा माणूस कशाची वाट बघतोय, कशाला कंटाळलाय, कशाला घाबरतोय. त्यावर ठरेल फासा लागतो की नाही. आणि सरदाराचं चिलखत वाजलं म्हणून चोराचं सरप्राइज आपोआप जाणार नाही; उलट सरदार मुद्दाम वाजू शकतो. यावर मनोरीवाल्याने सही करण्यासाठी पेन मागितलं.

पण पहारेकरी कशाची वाट बघत असेल ते सूत्रधाराला सुचेना. त्याचे पहारेकरी म्हणजे भाला धरलेले खांब. दोन रविवार त्याने प्रयत्न केला आणि तिसऱ्या रविवारी वैतागून म्हणाला, "बाबा, तुम्हीच सांगा ना."

अशी काकांची नेमणूक झाली. तेव्हापासून त्या राज्यातला प्रत्येक पहारेकरी मालवणी बोलतो. उत्तरेच्या बर्फाळ घाटातला मालवणी, वाळवंटातल्या वेशीवरचा मालवणी. एका थडग्याची राखण करणारा हाडांचा सापळा होता, तोही "कोण ता?" असंच विचारायचा. त्यांची टाच दुखायची, बदली माणूस वेळेवर यायचा नाही, वरचा मुकादम खडूस असायचा. त्यांना फसवणं महाकठीण होतं. वकीलबाईंनी एकदा अदृश्य होण्याचा मंत्र टाकून वेस ओलांडायचं ठरवलं, तर काकांनी विचारलं, "धुळीत पावलां उमटतत काय?" सूत्रधाराने पुस्तक चाळलं आणि नाइलाजाने मान डोलावली.

माझ्यावर या सगळ्याचा परिणाम वेगळाच झाला. मी कोर्टाच्या व्हरांड्यातून मधोमध चालायचं ठरवलं. पहिल्याच दिवशी फायलींचा गठ्ठा घेऊन येणाऱ्या शिपायावर आदळले. "मॅडम, तुम्ही कधी आलात इथे?" तो म्हणाला. मी म्हटलं, अकरा वर्षं झाली. दोघांनी मिळून फायली गोळा केल्या. त्यानंतर तो मला रोज नमस्कार करतो.

मार्चमधल्या एका रविवारी आम्ही तळ्यातल्या किल्ल्याशी पोचलो. आत जायला एकच पूल आणि पुलाच्या तोंडाशी एकच पहारेकरी, म्हणजे काका. वकीलबाईंनी चार बेत आणले होते. ते एकेक करून मोडले. काकांच्या पहारेकऱ्याने मासे विकायला आलेला सरदार परत पाठवला ("ह्या वक्ताक ताजो मासो खंयचो?" यावर मनोरीवाल्याला वाद घालता येईना), आणि साधूच्या वेषातल्या जादूगारणीला पाय धुवायला लावले. मग सूत्रधाराने माझ्याकडे बघितलं. "तू?"

माझ्याकडे बेत नव्हता. मी म्हटलं, "मी रस्त्याच्या मधून चालत जाते. त्याच्यासमोर उभी राहते."

"कोण गो तू? कित्याक इलंस?" काका.

"पत्र लिहायला आलेय," मी म्हणाले. ते शब्द तोंडातून निघेपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. "पहाऱ्यावरच्या माणसांची घरची पत्रं लिहून द्यायला मला पाठवलंय. तुम्हाला घरी काही कळवायचंय?"

काकांच्या पहारेकऱ्याने आजवर चोर, हेर, राजपुत्र, सगळे ओळखले होते. हे त्याला कुणी कधी विचारलं नव्हतं.

"लिही," ते म्हणाले.

मी सवयीने वही ओढली आणि खरोखरच शॉर्टहॅंडमध्ये घ्यायला लागले.

"लिही. हयसर सगळा बरा आसा. माजी काळजी करू नको. गिरण चलता."

"बाबा, किल्ला आहे," सूत्रधार म्हणाला. "गिरणी नाही."

"गप रे. पत्र माजा आसा." ते पुन्हा माझ्याकडे वळले. "लिही. सोमवारी सकाळी गेलंय तर गेटाक कुलूप. माका वाटला, आज सुट्टी आसा आणि मी इसारलंय. कोणाक इचारूक नाय. डबो घेवन तसोच माघारी इलंय, खोलीर बसान खाल्लंय. मंगळवारी परत गेलंय. तेव्हा कळला."

त्यांचा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा, आईबरोबर गावी होता. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्याने हे कधी ऐकलेलं नाही. त्याच्या हातातली पेन्सिल नकाशावर तशीच टेकलेली होती.

"तुमी म्हणतास ना, गाफील. पाळी जाता. तसाच ता," काका म्हणाले. आता ते पहारेकऱ्यासाठी बोलत नव्हते. "बरेच पाळये गेले माजे. तिका ह्या मी लिवक नाय कदी. 'सगळा बरा आसा' इतकाच लिवलंय. ती माका म्हणायची, तुमच्या पत्रात कायच नसता." ते थोडे हसले. "आता लिवलंस तू?"

"लिहिलं," मी म्हटलं. "पुढे?"

"पुढे… आंबे इले काय, इचार. आणि पोराक सांग, टाकीर चढा नको."

हे सगळं चालू असताना टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मनोरीवाला आयुष्यात पहिल्यांदा एक शब्द न बोलता बसला होता. त्याने सूत्रधाराकडे बघून भुवया उडवल्या. सूत्रधाराने कलमांच्या वहीकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली: फासा नको. मनोरीवाल्याने आपलं जाड बोट नकाशावर ठेवलं आणि दोन बटणं, चिलखती सरदार आणि जादूगारीण, पूल ओलांडून किल्ल्याच्या आत सरकवली. वकीलबाई तोंडावर पदर धरून बसल्या होत्या.

काकांनी पहारेकऱ्याची सही म्हणून हवेत अंगठा टेकवला, चष्मा पुसला आणि खाली नकाशाकडे बघितलं.

"मेल्यांनो! हयसरची बटणां खंय गेली?"

मनोरीवाल्याने इतका वेळ कोंडलेलं हसू सोडलं, ते खालच्या मजल्यावर पोचलं असणार. काकांनी टेबलावर थाप मारली. "माज्या नाकाखालसून गेलात! चिलखत घालून!" वकीलबाई म्हणाल्या, नियमाप्रमाणे पहारेकऱ्याची पहिली पाळी गेली. "गेली, गेली," काका म्हणाले, "घेवा." त्यांना खूप आनंद झालेला दिसत होता. सूत्रधार सगळ्यांत शेवटी हसला आणि चहा करायला आत गेला. त्या दिवशी चहाला बराच वेळ लागला. कुणी मदतीला गेलं नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी ते पत्र टाइप केलं, त्यांच्याच भाषेत, एकही शब्द न बदलता. पुढच्या रविवारी दारातच सूत्रधाराच्या हातात दिलं. त्याने उभ्या उभ्या वाचलं, घडी घातली आणि नियमांच्या पुस्तकात ठेवलं. ते पुस्तक वकीलबाईंचं होतं. त्यांनी ते त्याच्याकडेच राहू दिलं.

त्याच दिवशी काकांनी राजीनामा दिला. आम्ही बटणं मांडत होतो, तेवढ्यात ते खिडकीजवळची खुर्ची उचलून टेबलाशी घेऊन आले आणि वकीलबाई आणि मनोरीवाल्याच्या मधे घुसवली.

"पहारो बस झालो," ते म्हणाले. "अठरा वर्षां गेटाच्या भायर उभो होतंय. आत काय आसा ता बगूचा आसा माका."

"म्हणजे काय व्हायचंय तुम्हाला?" मुलाने विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हिच्यासारखो चोर."

मी त्यांना पात्राचा कागद भरून दिला. कुलपं उघडण्याला भरपूर गुण दिले, कारण तुटलेला धागा पळत्या मागावर जोडणाऱ्या बोटांना ते जमणारच, असं त्यांचं म्हणणं. चढण्याला बेताचे, गुडघ्यांमुळे. त्यांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी त्यांना खूप काही सांगितलं: पाऊल कसं टाकायचं, मशालीच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं, धान्याच्या कोठारात उंदीर असतात म्हणून तिथला आवाज कुणी मनावर घेत नाही. काका मन लावून ऐकत होते. मशीन कानात होतं.

पहिलंच काम सोपं होतं. झोपलेल्या एका सावकाराच्या वाड्यातून एक पेटी आणायची. दारावर एक पहारेकरी. तो आता पुन्हा सूत्रधाराकडे होता, आणि बापाकडे इतके महिने बघून तो चांगला तयार झाला होता. मी फासा टाकला, पंधरा, अंधारात मिसळून गेले. काकांनी दोन्ही तळव्यांत फासा बराच वेळ खुळखुळवला, फुंकर मारली आणि टाकला.

तीन.

"तुमच्या पायाखाली कौल फुटलं," सूत्रधार म्हणाला. मग त्याने पाठ ताठ केली, घसा खाकरला आणि आयुष्यात कधी बोलला नसेल अशा करड्या मालवणीत दरडावलं, "कोण ता? पुढे ये!"

काका दचकले. खरोखरच दचकले, खुर्चीतल्या खुर्चीत. त्यांनी एकदा मुलाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि त्यांचा सबंध चेहरा शाळा चुकवणाऱ्या पोरासारखा उजळला.

"धावा गो!" ते ओरडले, आणि टेबलावरचं स्वतःचं बटण उचलून खरंच जिन्याकडे पळाले.